भिंतीवरची तोरिना

अमादोरा, ११ फेब्रुवारी २०१९

सिल्व्हीनो,

पाकीट उघडून तू आधी खालची सही बघितली असशील आणि आता कागदाची परत घडी घालायच्या बेतात असशील. थांब. मी माफी मागायला लिहीत नाहीये, आणि तुला द्यायलाही नाही. तुझ्याकडून एक काम करून हवंय, तेही माझ्यासाठी नाही. चोवीस वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, पुढेही लिहिली नसती, पण इथल्या लोकांनी मला भंडावून सोडलंय.

वस्ती पाडली हे तुला कळलं असेलच. तुमच्या बेटांवर, केप व्हर्देला, इथल्या बातम्या आमच्या आधी पोचतात. ऑक्टोबरात यंत्रं आली. आपण दोघांनी कितीतरी रविवार खपून बांधलेल्या भिंती दुपारच्या जेवणाआधी खाली बसल्या. मला टेकडीपलीकडच्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर जागा दिलीय. लिफ्ट आहे, पण ती नुसती बघायची. माझे गुडघे तुझ्या आठवणीतले आता राहिले नाहीत.

स्टुडिओ रिकामा करताना माळ्यावरून निगेटिव्हचे डबे निघाले. बिस्किटांचे, एकेचाळीस. हे इथे होते याचा मला विसरच पडला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला कशाला सांगू? विसरलो नव्हतो. ठेवायची इच्छा नव्हती आणि फेकायचा धीर होत नव्हता.

बितिना मावशीची नात जांदिरा त्या दिवशी सामान हलवायला आली होती. तू गेलास तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल, शेंबूड ओढत आपल्या दारात खेळायची. आता लिस्बनच्या एका म्युझियममध्ये नोकरी करते. तिने एक पट्टी खिडकीशी धरली आणि खोक्यावर बसूनच राहिली. आठवड्याने येऊन म्हणाली, काका, याचं प्रदर्शन करायचं. कशाचं, तर आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा वारसा, त्यांची ओळख, त्यांचा समाज. मी म्हटलं, बाई, चर्च सुटल्यावर आपली माणसं स्टुडिओबाहेर रांग लावायची आणि रांगेत कोण पुढे घुसलं यावरून भांडायची. त्याला वारसा म्हणत असतील तर मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्याला ताप. रोज कुणीतरी धापा टाकत पाच जिने चढून येतं. माझ्या आईचा फोटो आहे का रे, निळ्या झग्यातला? काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमध्ये निळा झगा मी कुठून शोधू! बरं, पाणी विचारलं की बसतात, आणि बसले की दोन तास उठत नाहीत. गेल्या रविवारी मक्याची काचुपा शिजत लावली होती, पाहुण्यांनीच संपवली. मी पाव खाल्ला.

जांदिराला प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव हवंय. ‘अनोळखी स्त्री’, ‘अनोळखी मजूर’ असं ती लिहिणार नाही म्हणते. बरोबर आहे तिचं. पण नावं कुठून आणू? डब्यांच्या झाकणांवर तुझ्या अक्षरात काहीतरी खरडलंय. ते अक्षर तेव्हाही मला लागत नव्हतं. मला चेहरा दिसला की त्याचा कोट आठवतो, नाव नाही. नावं तुझ्या लक्षात राहायची. तेव्हा सोबत फोटोंच्या झेरॉक्स पाठवतोय. ज्यांची नावं आठवतील त्यांची लिहून पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

तिने तुझ्याबद्दलही विचारलं. जे खरं ते सांगितलं.

आमांसिओ


२४ मार्च २०१९

सिल्व्हीनो,

सहा आठवडे झाले. पत्र मिळालं नसेल म्हणावं तर परतही आलं नाही. म्हणजे मिळालंय आणि तू गप्प बसला आहेस. बस. तुला गप्प बसण्याची सवय आहेच.

इकडे माझी मुलाखत झाली. तोंडावर दिवा, शर्टाला माइक, आणि समोर जांदिरा कागद घेऊन. मी आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवलं, मला कुणी बसवलं नव्हतं. हात कुठे ठेवावे तेच कळेना. शेवटी मांडीवर ठेवले, मी गिऱ्हाइकांना सांगायचो तसे.

तिने विचारलं, काका, तुमच्या फोटोंतले चेहरे असे कसे? त्या काळातल्या दुसऱ्या स्टुडिओंत आपली माणसं एकतर राखेसारखी दिसतात नाहीतर नुसता काळा डाग. तुमच्याकडे गालाचं हाड दिसतं, कपाळावरचा घाम दिसतो, काळा रंग काळाच राहतो आणि उजळतो. काय करत होतात?

आता ही गोष्ट तुला सांगायची गरज नाही, पण मी तिला काय सांगितलं ते तुला कळायला हवं. मी तिला शहरातल्या लॅबचं सांगितलं. पहिले बारा रोल तिथून धुऊन आले त्यात कॉलर दिसत होत्या, दात दिसत होते, मधे कुणी नव्हतं. आपण तक्रार करायला गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘तुम्ही लोक आहातच काळे, त्याला मी काय करू?’ मग आपण न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून स्वतःची काळी खोली केली. इथवर ठीक.

मग मी तिला चुन्याची गोष्ट सांगितली. बांधकामावर एके दुपारी नुकता चुना मारलेल्या भिंतीकडे तोंड करून गवंडी जेवायला बसले होते आणि त्यांचे चेहरे आतून दिवा लावल्यासारखे दिसत होते. ते बघून कळलं की आपल्या चेहऱ्याला वरून पडणारा उजेड कामाचा नाही, समोरून परतून येणारा हवा. म्हणून पायाशी पांढरी चादर. म्हणून लेन्स एक घर जास्त उघडायची.

सगळं जसंच्या तसं सांगितलं. फक्त भिंत बघणारा माणूस ‘सिल्व्हीनो’च्या जागी ‘मी’ झाला.

तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर दिवा चालू, यंत्र चालू, जांदिरा डोळे मोठे करून ऐकतेय. तिथे थांबून कसं म्हणणार, थांब, भिंत बघणारा दुसराच होता? तू इथे असतास तर तू सांगितलं असतंस. तू बेटावर बसून शेळ्या राखतोस त्याला मी काय करू?

आणि मागच्या पत्रात ‘जे खरं ते सांगितलं’ लिहिलं होतं. तिला मी सांगितलं की स्टुडिओ माझा होता, तू मदतीला होतास.

तिने भिंतीवर लावायला एक फोटो निवडलाय. म्युझियमच्या बाहेरच्या भिंतीवर, कापडावर छापून, नऊ मीटर उंच. तिने मला तो आणून दाखवला. तोरिना आहे. दाराच्या पायरीवर बसलीय, मांडीवर शेंगांचं घमेलं, मान मागे टाकून हसतेय. गळ्यावर खालून चादरीचा उजेड आलाय. त्याची प्रिंट मी त्याच दिवशी फाडली होती, तुझ्यादेखत. निगेटिव्ह डब्यात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तोरिना गेली त्याला आठ वर्षं होतील. घरात तिचे माझ्या हातचे चौदा फोटो आहेत. एकातही ती हसत नाही.

जांदिरा म्हणाली, ‘काका, बायकोला असं हसवायला माणूस किती जीव लावत असेल.’

मी तिला म्हटलं, चहा घेशील का.

आमांसिओ


५ मे २०१९

सिल्व्हीनो,

आज बसून नीट लिहितोय. तुझं उत्तर येणार नाही हे मी धरून चाललोय, तेव्हा मधे बोलू नकोस.

काल बितिना मावशीला घेऊन भिंत बघायला गेलो. ती शहाऐंशीची झालीय. दोन बस बदलल्या, दोन्ही बसमध्ये तिने ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सांगितलं. तिथे पोचलो तर आपल्याकडच्या चार-पाच बायका आधीच उभ्या, हातात फोन. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने माझा हात हातात घेतला आणि सोडेना. तोरिना अशी हसायची हे आम्ही विसरलोच होतो म्हणाली. मावशी काठीवर हनुवटी टेकून वर बघत होती. बायका गेल्यावर म्हणाली,

‘आमांसिओ, मेल्या, हा फोटो तुझा नाही.’

मी म्हटलं, मावशी, ऊन फार आहे, सावलीत चल.

‘उन्हाचं मला सांगू नकोस. तुझ्यापुढे ती कधी हसली? हनुवटी वर, हनुवटी खाली, खांदा सोड, श्वास धर. तुझ्या फोटोत ती मेल्यासारखी बसायची. हा सिल्व्हीनोने काढला. मी तिथे होते. शेंगा माझ्या होत्या.’

मी बाकावर बसलो. तीही बसली, आणि मग तिने मला सांगितलं. तुला माहीत असलेलं तुलाच सांगतोय, पण मला ते काल कळलं. तेही वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, बसस्टॉपच्या बाकावर.

ती म्हणाली, तू कॅमेरा घेऊन दारात आलास आणि माझी नक्कल सुरू केलीस. माझं पोट पुढे काढून चालणं. माझं एक डोळा मिटून भिंगातून बघणं. ‘हनुवटी वर, तोरिना. जरा खाली. त्याच्या अर्धी वर. आता वर आणि खाली एकदम.’ आणि बितिना मावशीच्या हातातल्या शेंगा पडल्या, आणि तोरिना हसली.

मला हसत होती. तुझ्याकडे बघून तुला नव्हे, मला.

काळ्या खोलीत ट्रेमध्ये ती प्रिंट तरंगताना बघितली तेव्हा मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो, इथे लिहीत नाही. तू काहीच बोलला नाहीस. हात धुतलेस, ॲप्रन खिळ्याला लावलास आणि गेलास. त्याच महिन्यात तुझं विमान होतं. तू गप्प बसलास म्हणजे खरं असणार, असं मी धरलं. तोरिनाने मला एवढंच विचारलं, त्याला घालवलंस? मी हो म्हटलं. पुढे सोळा वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, तिने तुझं नाव तोंडातून काढलं नाही. तोही मी पुरावाच समजलो.

मी मावशीला विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? ओरडलोच, आजूबाजूची माणसं वळली. ती म्हणाली, ‘मी सांगणार होते. तोरिनाने माझा हात धरला. म्हणाली, मावशी, नवऱ्याला संशय आला तर तो नुसता ओरडेल. पण बायको मान मागे टाकून आपल्याला हसत होती हे कळलं, तर हा माणूस कॅमेरा परत हातात धरणार नाही.’

आणि तूही म्हणून गप्प बसलास? की नुसता चिडून? हे मात्र मला मावशीकडून कळलं नाही.

मी घरी येऊन चौदा फोटो टेबलावर मांडले. हनुवटी सगळ्यांत बरोबर आहे.

सिल्व्हीनो, तुम्ही तिघांनी मिळून मला चोवीस वर्षं मूर्ख ठेवलं. आणि मी त्यात माझी भर घातली. तू गेल्यावर गल्लीत सगळे विचारायला लागले तेव्हा मी काय सांगितलं हे तुझ्या कानावर गेलंच असणार. त्याबद्दल मला आज लिहवत नाही.

उद्घाटन तीस तारखेला आहे. पुस्तक छापून झालंय. त्यात चुन्याच्या भिंतीची गोष्ट पूर्ण दोन पानं आहे. माझ्या नावावर.

आमांसिओ


१७ जून २०१९

सिल्व्हीनो,

सांगून टाकलं. आता सगळे माझ्यावर वैतागलेत.

मी भाषण ठरवलं होतं: धन्यवाद, जांदिराचे आभार, संपलं. संचालक वीस मिनिटं बोलले. मग माइक माझ्या हातात आला. समोर आपली माणसं, इस्त्रीच्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखी. मी म्हटलं, ‘बाहेर जी बाई हसतेय ती माझी बायको. फोटो मी काढलेला नाही. सिल्व्हीनो मोंतेइरोने काढला. उजेडाची अक्कलही त्याची. मी मुलाखतीत खोटं बोललो.’

तर टाळ्या! संचालक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. लोकांना वाटलं म्हातारा विनय दाखवतोय. कुणीतरी डोळेसुद्धा पुसले. मी हात वर केला, थांबा म्हटलं, तरी वाजवताहेत. शेवटी मला ओरडावं लागलं, ‘हा विनय नाही, ही चोरी आहे.’

मग टाळ्या थांबल्या.

जांदिरा कोपऱ्यात उभी होती. नंतर माझ्याजवळ आली, पुस्तक छातीशी धरून. तिने आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ‘काका, मी चार महिने तुमच्यासमोर बसत होते,’ म्हणाली, आणि गेली. बारा दिवस फोन उचलला नाही. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी घालावी लागली, ती तिने घरी बसून हाताने घातली, असं बितिना मावशी सांगत होती. आणि हे सांगताना काठी आपटत होती, जणू मला मारतेय.

तेराव्या दिवशी फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. रविवारी दहा वाजता म्युझियममध्ये या, कोणता फोटो कुणाचा ते तिथेच ठरवायचं, आणि या वेळी मी साक्षीदार बोलावलेत.

काल गेलो. वस्तीतली वीसेक म्हातारी मंडळी आली होती. ज्याचा फोटो त्याने समोर उभं राहून सांगायचं. माझा सिल्व्हीनोने काढला. माझा याने. जांदिरा लिहून घेत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. अर्ध्या तासात सगळ्यांना युक्ती कळली. माणूस हसत असेल, नाहीतर काहीतरी बोलता बोलता थांबलेला असेल, तर फोटो तुझा. राष्ट्राध्यक्षासारखा बसला असेल तर माझा. मग विचारायचीही गरज राहिली नाही. फोटो आला की सगळे मिळून ओरडायचे, आणि माझी पाळी आली की हसायचे. मी म्हटलं, पुरे आता, घरी जातो.

तेवढ्यात फर्मिनो पुढे आला. आठवतो ना, सिमेंटची पोती वाहायचा, एका दमात दोन? आता माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सदा कुरकुरत असतो. त्याचा फोटो ऐंशी सालचा. आपल्या स्टुडिओतला कोट, मनगटावर आपलं बंद पडलेलं घड्याळ, हातात तो टेलिफोन, ज्याची वायर टेबलाखाली संपायची. हनुवटी वर. हसू नाही.

तो म्हणाला, ‘हसताय कशाला? त्या दिवशी मुकादमाने मला सगळ्यांसमोर माकड म्हटलं होतं. मी तसाच स्टुडिओत आलो. सिल्व्हीनो चांगला माणूस, पण त्याने मला हसवलं असतं. मला हसायचं नव्हतं. यानं तासभर माझी कॉलर नीट केली. माझ्या आईने हा फोटो मरेपर्यंत भिंतीवर ठेवला. गावाला सांगायची, माझ्या मुलाच्या टेबलावर फोन आहे.’

मग एक बाई म्हणाली, माझ्याही आईला याचाच पाठवला होता, सिल्व्हीनोचा मी स्वतःजवळ ठेवला. दुसरी म्हणाली, मीही. जांदिराचं पेन थांबलं होतं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हसली बिसली नाही, बघितलं फक्त. मग म्हणाली, काका, याच्यापुढे तुमचं नाव घालते.

एकशे बारा फोटोंपैकी एकोणसाठ तुझे निघाले. त्रेपन्न माझे. भिंतीखाली आता पाटी आहे: तोरिना, शेंगा सोलताना. फोटो: सिल्व्हीनो मोंतेइरो. स्पेलिंग मी दोनदा तपासलं.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी माइकवर बोललो नाही. कोणती ते तुला माहीत आहे. मी धन्यवाद म्हणून खाली बसलो.

आमांसिओ


१५ सप्टेंबर २०१९

सिल्व्हीनो,

बितिना मावशीची भाची ऑगस्टात बेटावर जाऊन आली. काल माझ्याकडे आली होती आणि सांगता सांगता हसून हसून खोकायला लागली. मला वाटलं काय झालं हिला.

तर तू माझी पत्रं दुकानात वाचून दाखवतोस!

तुझ्या घराखालच्या दुकानात, संध्याकाळी, ग्रोग दारूच्या पेल्याभोवती जमलेल्या लोकांना. माझ्या आवाजात. पोट पुढे काढून. म्हणे पोस्टमनसुद्धा पत्र दिल्यावर जात नाही, वाचन संपेपर्यंत थांबतो. ‘हनुवटी सगळ्यांत बरोबर आहे’ या वाक्याला म्हणे लोक टेबल बडवतात. एका म्हाताऱ्याने मार्चचं पत्र परत वाचायला लावलं. मी इथे पाच जिने चढून, गुडघे चोळत, एकेका ओळीपाशी थांबून लिहितो आणि तुम्ही तिथे नाटक बसवलंय. सात महिने मी तुझ्या उत्तराची वाट बघतोय आणि उत्तर रोज संध्याकाळी दुकानात चाललंय, फक्त मला सोडून सगळ्यांना.

रात्री झोप आली नाही. आधी रागाने, नंतर कशाने ते माहीत नाही. सकाळी उठून कागद घेतला.

ठीक आहे. वाचतोच आहेस ना? मग यापुढचं मोठ्याने वाच. चष्मा पूस. आणि माझा आवाज काढू नकोस, हे तुझ्या स्वतःच्या आवाजात वाच.

दुकानातल्या मंडळींनो. मी अमादोराचा आमांसिओ. सिल्व्हीनो मोंतेइरो लिस्बनहून परत का आला, याबद्दल तुमच्या कानावर एक गोष्ट आलेली आहे. तो दारूत बुडाला होता, त्याने लोकांच्या लग्नाचे रोल खराब केले, म्हणून मी त्याला काढलं. ती गोष्ट मी पसरवली. ती खोटी आहे. तो इतका कमी प्यायचा की आम्ही त्याला पाद्री म्हणायचो. त्याने एकही रोल खराब केला नाही. मला माझ्या बायकोबद्दल संशय आला, तोही खोटा होता, आणि लोकांना खरं सांगायची लाज वाटली, म्हणून मी त्याचं नाव खराब केलं. ज्या गावाला त्याला परत जायचं होतं त्या गावात ते नाव त्याच्या आधी पोचलं. तिथल्या शाळेने त्याला मुलांचे फोटो काढायचं काम दिलं नाही, हे मला बितिना मावशीने काल सांगितलं. ते माझ्यामुळे. तुमच्यापैकी ज्याने कुणी ती गोष्ट त्याच्या पाठीमागे बोलली असेल, त्याने ती आज परत घ्यावी. मी घेतली.

झालं. आता परत माझा आवाज काढलास तरी चालेल.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते वाचून दाखवायचं वाक्य नाही, आणि मला ते कागदावर मागायचंही नाही.

आता दुसरं, आणि हे निकडीचं आहे. प्रदर्शन एक तारखेला संपलं. भिंतीवरचं कापड काढल्यावर म्युझियम ते गुंडाळून तळघरात ठेवणार होतं. बितिना मावशी तिथे जाऊन बसली आणि उठेना. शेवटी त्यांनी कापड तिच्या नातीच्या हवाली केलं. जांदिराने ट्रक आणला (ती आता माझ्याशी बोलते, पण वैतागूनच) आणि गेल्या रविवारी सगळ्यांनी मिळून ते आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर टांगलं. माझ्या सज्ज्यापासून सुरू होतं. वरची दोरी माझ्या हातांनी बांधली. चौथ्या मजल्यावरची अंगोलाची बाई म्हणाली, बरं झालं, मला दुपारचं ऊन नकोच होतं. घरवाटपाच्या कार्यालयातून एक नोटीस आलीय, ती मावशीने वाचायला म्हणून नेली ती परत दिली नाही. टेकडीवरून येताना बस वळली की तोरिना दिसते. ड्रायव्हर लोक आता आमच्या थांब्याला तिच्याच नावाने हाक मारायला लागलेत.

फक्त फर्मिनो तयार नाही. कापडाचं खालचं टोक बरोबर त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आलंय. घमेल्याचा भाग. आत दिवसा दिवा लावावा लागतो, मीठ आणि साखर कळत नाही, असं रोज जिन्यात मला धरून सांगतो. काल काचुपाचं भांडं घेऊन वरच आला. म्हणाला, चव बघ, काय टाकलंय मी यात. बघितली. साखर होती.

म्हणाला, एक मीटर वर घे, नाहीतर मी घमेल्याला भोक पाडतो.

मी म्हटलं, बाबा रे, मी कोण ठरवणार? फोटो माझा नाही. ज्याचा आहे तो माणूस जिवंत आहे, त्याला विचार. वर घ्यायचा, खाली घ्यायचा, की भोक पाडू द्यायचं, ते त्याने येऊन बघितल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही.

तो म्हणाला, मग पत्ता दे त्याचा.

दिला. चार दिवसांत त्याचंही पत्र तुझ्याकडे पोचेल. ते माझ्यापेक्षा लांब आहे, मी बघितलंय, आणि सगळं साखरेबद्दल आहे. दुकानातल्या लोकांना सांगून ठेव. तू काय ठरवतोस ते लवकर कळव, म्हणजे निदान त्या माणसाचा जेवणाचा प्रश्न सुटेल.

आमांसिओ